गावाला फिनेलचा वास आला तो दिवस

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधीच विचारून घेतलं, की दिवाळी अंक लोक फराळाची बशी शेजारी ठेवून वाचतात, त्यात मैलापाणी चालेल का? ते म्हणाले, "ताई, तुम्ही लिहा तर खरं." तेव्हा ज्यांची चकली खाऊन व्हायची आहे त्यांनी ती आधी संपवावी आणि मग पुढे वाचावं.

मी मूळची जळगावच्या पिंप्राळ्याची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न होऊन सोनगीरच्या पुढे, महामार्गापासून आत असलेल्या एका लहान नगरपालिकेच्या गावात आले आणि तिथल्या सांडपाणी केंद्रात नोकरीला लागले. निवृत्त झाले तेव्हा त्या केंद्राची प्रमुख होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गाव माझ्यावर अजून थोडं रुसलेलं आहे. सासूबाई शेजारीपाजारी सांगायच्या, की सून लॅबमध्ये आहे. कसली लॅब, असं कुणी विचारलं की त्या भाजीचा भाव काढायच्या.

काम तसं समजायला सोपं आहे. गावातल्या मोऱ्या, न्हाणीघरं, संडास यांचं पाणी जमिनीखालच्या पायपांतून उताराने आमच्याकडे येतं. पहिल्यांदा ते लोखंडी जाळीवर अडतं. त्या जाळीवर गाव जसं दिसतं तसं कुठेच दिसत नाही. केसांचे गुंतवळे, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे मोजे, लग्नसराईत झेंडूच्या माळा. एकदा एक आबा सकाळी सकाळी फाटकाशी येऊन उभे राहिले. शिंक आली आणि कवळी संडासात गेली, म्हणाले. आमच्या मोरेने, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने, जाळी खरवडून ती शोधून दिली. आबांनी ती रुमालात बांधली, खिशात ठेवली आणि आम्हाला चहापोह्यांना बोलावलं. आम्ही दोघांनीही उपवास असल्याचं सांगितलं.

जाळीच्या पुढे मोठा हौद. त्यात खालून सतत हवा सोडलेली असते, आणि त्या हवेवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव जगतात. ते घाण खातात, वाढतात, गाळ होऊन तळाला बसतात आणि वरचं नितळ पाणी बाहेर पडतं. आम्ही त्या गाळाला विरजण म्हणायचो, कारण त्यातला थोडा राखून रोजच्या नव्या पाण्यात मिसळावा लागतो. विरजण निरोगी असेल तर त्याला नांगरलेल्या शेताचा वास येतो. बिघडलं तर कसला येतो ते दिवाळीत सांगत नाही. आमची सगळी यंत्रं, पंप, वीजबिलं ही या जीवांची सरबराई. ते जगले तर केंद्र चालतं.

हौदातलं नितळ पाणी गावाखालच्या तळ्यात जायचं. भर उन्हाळ्यात त्या तळ्यात पाणी असायचं ते आमच्यामुळे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक उतरायचे आणि धुळ्याहून लोक कॅमेरे घेऊन यायचे. पण तळ्याचे खरे धनी होते काठच्या वस्तीतले लोक. वस्तीतल्या बायकांच्या संस्थेने तळं मासेमारीसाठी घेतलं होतं आणि संस्थेचा कारभार अक्काकडे होता. साठी ओलांडलेली, काटक, बोलायला कमी आणि बघायला जास्त. पावसाळ्यात रोहू आणि कटल्याचं बी सोडायचं, सांभाळायचं आणि माघात जाळं टाकायचं. उभं वर्ष त्या एका काढणीवर. वस्ती गावाच्या सगळ्यात खालच्या अंगाला होती, त्यामुळे गटारीचं पाणी तुंबलं तर पहिल्यांदा त्यांच्याच गल्लीतल्या झाकणांतून वर यायचं.

आता त्या दिवसाकडे येते. पौषातली थंडी होती. गावाची स्वच्छता पाहायला बाहेरून पथक येणार होतं. नंबर वर गेला तर गावाचं नाव पेपरात, आणि आमच्या मुख्याधिकारी साहेबांची चांगल्या ठिकाणी बदली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिंती रंगवल्या, चौकात कुंड्या आल्या, विश्रामगृहाचे पडदे बदलले. विश्रामगृह वरच्या कॉलनीत, म्हणून पथकासाठी तिथल्या नळाचा दिवसही अलीकडे आणला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड एकेका भागाचा दिवस ठरलेला असतो, आणि ज्या भागाचा नळ येतो तिथे माणूस घर, अंगण, गाडी, चादरी सगळं त्याच दिवशी धुऊन काढतो. तेवढं सगळं पाणी त्याच दिवशी आमच्याकडे येतं.

सकाळी स्कूटरवरून कामावर निघाले तर सगळ्या गावाला फिनेलचा वास. चौकात, शाळेपुढे, बाजारात. मला आधी बरं वाटलं. मग हे सगळं उताराने कुठे येणार ते आठवलं आणि मी स्कूटर पळवली. केंद्रात पोहोचले तर मोरे हौदाच्या कठड्यावर उभा होता आणि त्याने नाकाला रुमाल लावला होता. मैलापाण्याच्या वासाला कधी रुमाल न लावणारा माणूस तो. गावात चांगला वास यावा म्हणून स्वच्छतेच्या माणसांनी पहाटेपासून गटारीगटारीत फिनेलचे कॅन आणि ब्लीचिंग पावडरच्या गोणी रिकाम्या केल्या होत्या. घरातली मोरी धुतात तसं त्यांनी मनापासून गाव धुतलं होतं. जंतू मारायचेच म्हटल्यावर आमच्या हौदात पगारी जंतू आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

हौदावर पांढरा, साबणासारखा फेस चढत होता. पाण्यातली हवा मोजायचं यंत्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आकडा दाखवत होतं. नवख्याला तो आकडा बघून आनंद होईल. त्याचा अर्थ असा होता, की हवा घेणारे मरत होते. मी थेंबभर गाळ काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एरवी तिथे देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे जीव दिसतात. त्या दिवशी देठ होते आणि घंटा बंद होत्या. मी मोरेला बघायला बोलावलं. त्याने एकदा डोकावलं आणि जाऊन तळ्याकडे जाणारा दरवाजा बंद केला.

इथे कोंडी होती. दरवाजा उघडला तर फिनेल आणि न शुद्ध झालेलं पाणी तळ्यात जाणार, आणि काढणीला आलेले मासे पोट वर करून तरंगणार. दरवाजा बंद ठेवला तर गावाचं येणारं पाणी जाणार कुठे? आवारात एक जुना, वापरात नसलेला खड्डा होता, त्यात सकाळचं विषारी पाणी वळवलं. तो भरत चालला. त्यानंतर पंप थांबवावे लागणार आणि पाणी पायपांत मागे तुंबत वस्तीच्या गल्लीत वर येणार.

धुळ्याजवळच्या एका कारखान्यात माझी कॉलेजची मैत्रीण सांडपाण्याचंच काम बघते. तिला फोन करून म्हटलं, बाई, विरजण हवंय. शेजारणीने वाटी मागावी तसंच, फक्त वाटीऐवजी टँकर. ती हो म्हणाली. प्रश्न टँकरचा होता, कारण पिण्याच्या पाण्याचे टँकर असलं काही भरू देत नाहीत. शेवटी संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या गाडीवरचे रफिकभाई तयार झाले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की गाडी आतून स्वच्छ धुवा आणि परतताना कुठेही थांबू नका, हा माल हवेवाचून फार वेळ जगत नाही. ते म्हणाले, "ताई, आजवर घाण टाकायला गेलो. आणायला पहिल्यांदाच चाललो."

मग मी वस्तीत गेले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते आणि काहीच जुळत नव्हतं. अक्का हापशाजवळ जाळं विणत बसली होती, बायका गोळा झाल्या. मी सरळ सांगितलं. दरवाजा उघडला तर मासे जातील, बंद ठेवला तर घाण तुमच्या गल्लीत येईल, कदाचित उंबऱ्यापर्यंत. दुसरं विरजण लागून पाणी सुधारेपर्यंत दोन दिवस तरी असेच जातील. तुम्ही म्हणाल तसं करते.

मला वाटत होतं मी फार चांगलं वागतेय. त्यांना विचारतेय तरी.

एका बाईने तळ्याकडे बघितलं, एकीने आपल्या उंबऱ्याकडे. मग अक्काने सुई जाळ्यात खोचली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार बंदच ठेव. घर धवाले ई, तळं धवाले येवाव नई." घर धुता येईल, तळं धुता येणार नाही. मला हायसं वाटलं आणि मी उठले, तेव्हा तिने पुढचं विचारलं. "पानी उतारवर येस, ते समजस. पन तू बी उतारवरच उनी का? वरला लोकेसले कोन इचारी?"

पाणी उताराकडे येतं, पण मीही उताराकडेच का आले, वरच्यांना कोण विचारणार? मी तिथेच उभी राहिले. पाणी वरूनच येत होतं. वरच्या कॉलनीत नळाचा दिवस होता, थोड्याच वेळात नळ सुटणार होता, आणि त्या कॉलनीत मी राहत होते. माझी सून त्या वेळी घरात चादरी भिजवायच्या तयारीत असणार. नळ सुटला नाही तर गटारीत येणारं पाणी निम्म्यावर येईल, हे साधं गणित मला कळायला हवं होतं. राग आला मला, तिचा नाही, माझाच.

मोरेला मागे बसवून तशीच पाण्याच्या टाकीवर गेले. नळ सोडणारा नाना चावी घेऊन व्हॉल्वच्या चेंबरपाशी बसला होता. लांब दांड्याची लोखंडी चावी, तीच गावातली सगळ्यात मोठी सत्ता. मी म्हटलं, नाना, आज वरचा नळ सोडू नका. तो म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, पथक विश्रामगृहात उतरलंय, ते याच लाइनवर आहे. मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणजे नानाला ऐकू यावं.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, मॅडम, नळ बंद ठेवता येणार नाही, आणि वस्तीत घाण वर आली तर पथकासमोर शोभा होईल, तेव्हा तुम्ही तळ्याचा दरवाजा उघडा. तळ्याकडे आज कोणी जाणार नाही. मी म्हटलं, उघडते. लेखी द्या.

नगरपालिकेत नोकरी केलेल्यांना या दोन शब्दांचं वजन माहीत आहे. पलीकडून नुसता बँडचा आवाज येत राहिला. पथकाच्या स्वागताला बोलावलेला असावा. मग साहेब म्हणाले, "तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा," आणि फोन बंद झाला. या वाक्याचंही वजन आम्हाला माहीत आहे. बरं झालं तर त्यांचं, वाईट झालं तर माझं.

नाना खाली बघत होता. त्याच्या पेन्शनला थोडेच दिवस राहिले होते आणि घरात कमावणारा तो एकटा. मी त्याला गळ घालू शकले नाही. थोड्या वेळाने तो उठला, चावी भिंतीला टेकवून ठेवली, टोपी झटकली. "मी च्या पेवाले जाई राहिनू," तो म्हणाला. "माले येवाले येळ लागी."

तो गेला तो मागे न बघता. मी आणि मोरेने चावी चेंबरमध्ये उतरवली. वरच्या लाइनचा व्हॉल्व नानाने पाइप भरायला थोडासा आधीच सोडून ठेवलेला होता, तो उलटा फिरवून घट्ट बंद करायचा होता. गंजलेला व्हॉल्व फिरता फिरेना. दोघांनी एका दांड्याला लोंबकळून तो फिरवला. तळहात सोलवटले आणि शेवटी पायपातला आवाज थांबला.

पुढचा तास मी फोन उचलत होते आणि शिव्या ऐकत होते. नगरसेवक, कॉलनीचे अध्यक्ष, स्वतः साहेब, आणि माझ्या शेजारच्या निकमकाकू. काकूंकडे त्या दिवशी मुलीला बघायला नंदुरबारचे पाहुणे आले होते. हात धुवायला पाणी नाही आणि पाहुण्यांना संडासला जायचंय, अशी परिस्थिती. काकू फोनवर ओरडल्या नाहीत, रडल्या. ते जास्त वाईट होतं. मी सगळं समजावून सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, "माशांसाठी माझ्या मुलीचं नुकसान केलंत," आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

दुपारी पथकातल्या एक बाई केंद्राच्या फाटकापर्यंत आल्या. गाडीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "तुमच्या गावाचा वास फार छान आहे हो." मला हसू आलं ते आवरता आवरेना. मोरे मला आत घेऊन गेला.

इतक्यात रफिकभाईंचा फोन. विरजण भरून निघाले होते, पण सोनगीरजवळ महामार्गावर कंटेनर आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंना रांग लागली होती. गाडी जागची हलत नव्हती. बंद टाकीत कोंडलेला तो गाळ आता किती वेळ तग धरेल याचा मी हिशेब करत होते आणि दर वेळी उत्तर वाईट येत होतं. इकडे खड्डा काठोकाठ भरला. पंप बंद करावे लागले. वस्तीतून निरोप आला, की पहिल्या गल्लीत झाकण उचललं गेलंय.

त्यानंतर सोनगीरला काय घडलं ते रफिकभाईंनी पुढे कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगितलं. रांगेत अडकल्यावर माल गुदमरेल या काळजीने ते टाकीवर चढले आणि वरचं झाकण उघडून बांबूने ढवळू लागले. मालाला हवा मिळावी एवढाच हेतू. वास जसा पसरला तशा पुढच्या गाड्या आपोआप कडेला सरकल्या. पोलीस नाक दाबून धावत आला आणि म्हणाला, आधी या गाडीला काढा रे. महामार्गावर मंत्र्यांच्या गाडीला मिळत नाही तशी वाट आमच्या विरजणाला मिळाली.

उन्हं कलताना गाडी फाटकातून आत आली. पाइप जोडला, तपकिरी धार हौदात पडली आणि मी ओंजळभर गाळ बादलीत घेऊन नाकाशी नेला. नांगरलेल्या शेताचा वास होता. मी रडले, हे मोरे कोणाला सांगणार नाही म्हणाला होता. म्हणून मीच सांगते.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन खेपा आल्या. वस्तीतल्या पहिल्या गल्लीत घोट्याएवढी घाण दीड दिवस होती. दुसऱ्या गल्लीत आली नाही. नळ बंद नसता तर सगळ्या गल्ल्या गेल्या असत्या हे खरं, पण पहिल्या गल्लीतल्या बायकांना ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी खराटा घेऊन गेले. अक्काने तो माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, तू तुझं काम बघ.

पाणी निवळू लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली एक घंटा उघडली, मग दुसरी. माझे तपासणीचे आकडे ठीक आले तरी दरवाजा उघडायला हात होईना. मी अक्काकडून तळ्यातले थोडे जिवंत मासे मागवले आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या टबात सोडले. दिवसभर आम्ही पाळीपाळीने त्या टबाजवळ बसलो. नानासुद्धा येऊन गेला. दुपारी एक मासा कडेला लागून स्थिर झाला तेव्हा मी उठून उभी राहिले. अक्काने पाण्यात बोट घातलं, तसा तो सळकन फिरला. "निजना व्हता," ती म्हणाली. झोपला होता. संध्याकाळी तिनेच मोरेला दार उघडायची खूण केली.

गावाचा नंबर खाली गेला. मला नोटीस मिळाली, तिला मी उत्तर दिलं, आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. साहेबांची बदली व्हायची ती झालीच. वरच्या लाइनवर सांडपाणी अडवायची वेगळी सोय करा, म्हणजे दर वेळी वस्तीच्याच माथी बसणार नाही, हे मी निवृत्त होईपर्यंत मागत राहिले. ती अजून झालेली नाही. याची खंत त्या थांबलेल्या वेतनवाढीपेक्षा मोठी आहे.

माघात जाळं पडलं. एका सकाळी अक्का डोक्यावर पाटी घेऊन आमच्या कॉलनीत आली आणि माझ्या दारापुढे बसली. कॉलनीतल्या बायका जमल्या. निकमकाकूही कुंपणापाशी आल्या. मी दिसताच त्यांनी मान फिरवली, पण रोहू चांगला मोठा होता. त्यांनी अक्काला विचारलं, की तळ्यातलेच ना हे, आणि त्या तळ्यात पाणी कसलं असतं, आपल्याच गटारीचं ना?

अक्काने मासा तराजूत ठेवला. "पानी कसं शे ते ताईले इचारा," ती म्हणाली आणि हात पुसत बसली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. काकूंना बोलावं लागलं. कुंपणावरच्या वेलीकडे बघत त्यांनी विचारलं, "चांगलं आहे का हो?" नोकरीभर मी पाण्याच्या शेकडो अहवालांवर सह्या केल्या, पण कधी कोणी मला हा प्रश्न तोंडाने विचारला नव्हता. मी म्हटलं, "चांगलं आहे. मी घेतेय."

काकू कुंपणाला वळसा घालून आल्या. मग पदर खोचून त्या पाटीशी बसल्या.

"मग मोठा दे, अक्का," त्या म्हणाल्या.